साडेआठची भाजी आणि कुणाच्याच मालकीची नसलेली हवा

गेल्या महिन्यात आमच्या घरातलं वाय-फाय रोज रात्री साडेआठला मरायचं. नऊ वाजता आपोआप जिवंत. दिवसभर काही तक्रार नाही, रात्री बारा वाजता चित्रपट बघा, एकदम सुरळीत. साडेआठ वाजले की मात्र बाबांच्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर ताईचा चेहरा गोठायचा, तोंड उघडं ते उघडंच राहायचं आणि मग कॉल कट.

ताई उत्रेख्तला असते, नेदरलँड्समध्ये. आपले साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात त्यांचे पाच. भाचा शाळेतून आलेला असतो, म्हणून ही वेळ ठरलेली. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून बाबा आमच्याकडे पुण्याला आहेत आणि दिवसातली ही वीस मिनिटं त्यांच्यासाठी काय आहेत ते मी वेगळं सांगायला नको. तर एका रात्री कॉल तिसऱ्यांदा कट झाल्यावर बाबा हेडफोन काढून शांतपणे म्हणाले, "तिला आता वेळ नसतो रे. तोंडावर ठेव म्हणता येत नाही म्हणून कट करते."

मी इंजिनियर. नेटवर्किंगवर पोट भरणारा. आणि माझ्याच घरात बाप असं समजून बसलाय की मुलगी फोन आपटते! म्हटलं, आता बास, हे शोधून काढायचंच.

नेहमीचे उपाय करून झाले होते. राउटर बंद करून चालू केला (कॉल सेंटरवाल्याने तीनदा करायला लावला), ड्रायव्हर नवा टाकला, यूएसबीचा वाय-फायचा डोंगल मागच्या पोर्टातून काढून पुढे लावला. ढिम्म. मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. बाबांच्या मशीनवरून राउटरला सतत पिंग लावला, प्रत्येक ओळीपुढे वेळ छापली आणि तीन संध्याकाळ तसाच चालू ठेवला. एरवी चार-पाच मिलिसेकंदांत येणारं उत्तर ८:३२ ते ८:३५ या वेळात कधी नऊशेवर, कधी येतच नाही. मग तीन मिनिटं ठीक. मग परत तेच, ८:३८ ते ८:४०.

तीन मिनिटं, मग दोन मिनिटं. हे आकडे मी कुठेतरी रोज बघतो असं वाटत होतं. आणि मग ट्यूब पेटली. तीन मिनिटं भाजी, दोन मिनिटं वरण! बाबांचा कॉल चालू असतो तेव्हा अस्मादिक स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम करत असतात. राउटर हॉलमध्ये, बाबांची खोली मागे आणि मधोमध स्वयंपाकघर. ताईचा फोन रोज रात्री मीच कट करत होतो.

असो. उपाय सांगतोच, पण आधी दुसरी गोष्ट. त्या शनिवारी मला प्रश्न पडला की भाजी गरम करायचं यंत्र आणि माणसांचं बोलणं वाहून नेणारं यंत्र एकाच लहरींवर का चालतात? जगात एवढे इंजिनियर असताना कुणाला हे आधी सुचलं नाही? शोधायला बसलो आणि लक्षात आलं की ही चूक नाहीच. वाय-फायचा जन्मच मुळी मायक्रोवेव्हच्या उकिरड्यावर झालाय. :-)

गोष्ट १९४५ पासून सुरू होते. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा एक इंजिनियर रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन नळ्यांवर काम करत होता. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, अशी ती प्रसिद्ध कथा. त्याच वर्षी कंपनीने पेटंटचा अर्ज केला आणि १९४७ मध्ये पहिला ओव्हन बाजारात आला. उंची जवळजवळ माणसाएवढी, वजन सुमारे ३४० किलो.

आता अशी यंत्रं लहरी बाहेर थोड्याफार सांडणारच. कारखान्यांत आणि दवाखान्यांतही रेडिओ लहरींनी तापवणारी यंत्रं होतीच. तेव्हा १९४७ सालीच अटलांटिक सिटीला जी आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली, तिथे स्पेक्ट्रमचे काही तुकडे अशा यंत्रांसाठी बाजूला काढले गेले. उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्यासाठीचे पट्टे. त्यातला एक २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. थोडक्यात, गावाबाहेरची कचरा टाकायची जागा. इथे कुणी रेडिओवर बोलायला आलाच तर त्याने कचऱ्याच्या वासाची तक्रार करायची नाही, हा नियम.

(जाता जाता एक गैरसमज: २.४५ गिगाहर्ट्झला पाण्याचा रेणू 'रेझोनेट' होतो म्हणून ओव्हन त्यावर चालतो, असं आम्हाला कॉलेजातही कुणीतरी सांगितलं होतं. तसं नाही. द्रवरूप पाणी लहरी सगळ्यात जास्त शोषतं ते याच्या कितीतरी वर, २० गिगाहर्ट्झच्या आसपास. शिवाय शोषण फार जास्त असतं तर बटाटा वरून करपला असता आणि आतून कच्चा राहिला असता.)

आता हवेतून डेटा पाठवण्याकडे वळू. ही कल्पनाही वाय-फायपेक्षा बरीच जुनी. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. सर्फिंगच्या ओढीने हवाईला गेले आणि तिथेच रमले. त्यांची अडचण अशी की विद्यापीठाची कॉलेजं वेगवेगळ्या बेटांवर, मोठा कॉम्प्युटर एकच आणि टेलिफोनच्या लाइनी महाग आणि बेभरवशाच्या. म्हणून त्यांनी १९७१ साली अलोहानेट सुरू केलं. सगळी टर्मिनल्स एकाच रेडिओ चॅनलवर बोलणार, ९६०० बिट दर सेकंदाला.

मग कुणी कधी बोलायचं? इथे अब्रॅमसन यांनी जे केलं ते ऐकायला वेडेपणाचं वाटतं. ज्याला जेव्हा बोलायचं त्याने तेव्हा बोलावं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जाईल आणि पोच येणार नाही. पोच आली नाही तर प्रत्येकाने आपापला मनाला येईल तेवढा वेळ थांबावं आणि पुन्हा बोलावं. बस. ना मॉनिटर, ना रांग, ना टोकन. गणित केलं तर अशा चॅनलचा जास्तीत जास्त १८ टक्केच उपयोग होतो. पण चालतं! पुढे बॉब मेटकाफने हीच कल्पना वाचून आणि सुधारून १९७३ मध्ये तारेवरचं इथरनेट मांडलं. आज तुमच्या फोनमधलं वाय-फाय त्याच वंशातलं. फक्त थोडं जास्त सभ्य: आधी कान देऊन ऐकतं, कुणी बोलत नसेल तरच बोलतं.

अलोहानेटला वापरायला रीतसर वाटून दिलेली फ्रीक्वेन्सी होती. पण तुमच्या-आमच्या घरात रेडिओ प्रक्षेपक बसवायला कोण परवानगी देणार? इथे गोष्टीतलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं पात्र येतं आणि ते कुणी संशोधक नाही, सरकारी खात्यातला इंजिनियर आहे. मायकेल मार्कस. अमेरिकेच्या एफसीसीमध्ये, म्हणजे स्पेक्ट्रम वाटणाऱ्या खात्यात, ते नोकरीला होते. लष्करात 'स्प्रेड स्पेक्ट्रम' नावाचं तंत्र वापरात होतं: संदेश एका अरुंद फ्रीक्वेन्सीवर न पाठवता रुंद पट्ट्यावर पातळ पसरून पाठवायचा, म्हणजे गोंगाटातही तो तग धरतो. मार्कस यांचं म्हणणं असं की हे तंत्र सामान्य लोकांना वापरू द्या, आणि तेही लायसन्सशिवाय. प्रस्थापित रेडिओ कंपन्यांचा अर्थातच विरोध. तरी ९ मे १९८५ रोजी नियम मंजूर झाला. पट्टे कुठले? तर तेच उकिरड्याचे. ९०० मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचे. एक वॉटपर्यंत ताकद, लायसन्स नको. अट अशी की दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि आपल्याला होणारा त्रास मुकाट्याने सोसायचा.

चांगली जमीन कुणी फुकट देत नाही हो. ओव्हनच्या शेजारची पडीक जागा होती, म्हणून मिळाली.

इथे एक व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आडवा येतो: हॉलिवूडची नटी हेडी लामारने वाय-फायचा शोध लावला. तिने आणि संगीतकार जॉर्ज अँथाइलने १९४२ साली टॉर्पेडोसाठी फ्रीक्वेन्सी उड्या मारत बदलण्याचं पेटंट मिळवलं होतं हे शंभर टक्के खरं. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, ८८ फ्रीक्वेन्सी त्यात होत्या. कल्पना झकासच. पण तिथून आजच्या राउटरपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. पहिल्या वाय-फाय मानकात 'उड्या मारण्याचा' एक पर्याय होता, तो लवकरच मागे पडला.

नियम १९८५ चा, पण बाजाराला गरज कुणाला होती? दुकानदारांना! एनसीआर ही गल्ले बनवणारी कंपनी. मोठ्या दुकानांत मांडणी बदलली की गल्ले हलवावे लागत आणि दरवेळी नवीन वायरिंग. म्हणून बिनतारी गल्ला हवा. हे काम एनसीआरच्या नेदरलँड्समधल्या नियूवेखाइन इथल्या केंद्राकडे गेलं. नकाशात बघितलं तर हे गाव उत्रेख्तला अगदी चिकटून. ताई राहते तिथून सायकलवर जाता येईल! तिला सांगितलं तर म्हणाली, "हो का? आमचा दाताचा डॉक्टर आहे तिकडे." (इतिहासाची ही किंमत.)

त्याच चमूतले विक हेस १९९० पासून दहा वर्षं ८०२.११ समितीचे अध्यक्ष होते. ज्यांनी कधी कुठल्या समितीत काम केलंय त्यांना हे दहा वर्षं म्हणजे काय ते कळेल. प्रत्येक कंपनीचं तंत्र वेगळं, प्रत्येकाचा आग्रह वेगळा. १९९७ मध्ये मानक निघालं तेव्हा त्यात एक सोडून तीन पर्याय होते: उड्या मारणारा, पसरणारा आणि चक्क टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवाला. वेग २ मेगाबिट. दोन वर्षांत ११ मेगाबिटचं ८०२.११बी आलं आणि मग गाडी सुटली. जुलै १९९९ मध्ये न्यूयॉर्कला स्टीव्ह जॉब्जने स्टेजवर इंटरनेट चालू असलेला आयबुक उचलून हुला हूपमधून आरपार फिरवला, जादूगार तार नाही हे दाखवतो तसा. त्याच सुमारास कंपन्यांनी संघटना काढली आणि 'वाय-फाय' हे नाव एका ब्रँडिंग कंपनीकडून करून घेतलं. त्याचा फुल फॉर्म काहीही नाही. मुलाखतीत कुणी विचारलं तर लक्षात असू द्या.

एक अडचण मात्र खोलीच्या आतली होती. भिंती, कपाटं, पंखे यांवर आपटून एकच संदेश थोड्या थोड्या वेळाने अनेकदा पोचतो. रिकाम्या हॉलमध्ये बोलल्यावर येतो तसा घुमारा. वेग वाढवायला गेलं की एक अक्षर दुसऱ्यावर चढतं. यावर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत जॉन ओसुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी उपाय काढला: संदेश अनेक सावकाश चालणाऱ्या समांतर प्रवाहांत वाटून पाठवायचा. ओसुलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकात ते छोट्या कृष्णविवरांच्या स्फोटांचे संकेत शोधत होते. ते काही सापडले नाहीत, पण विस्कटलेला संकेत सावरायचं गणित हाताशी होतं. अमेरिकन पेटंट १९९६ चं. पुढे त्यावर मोठे खटले झाले आणि तडजोडींतून संस्थेला ४३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास मिळाले. कुठलं शहाणपण कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही!

आता जरा आपल्याकडे.

आजोबांच्या ट्रंकेत एक लहानशी वही आहे, रेडिओच्या लायसन्सची. पोस्टात जाऊन दरवर्षी फी भरायची आणि शिक्का मारून आणायचा. नुसता ऐकण्यासाठी! ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं. बिनतारी यंत्र बाळगायला परवाना हवा, हा कायदा १९३३ चा. त्या देशात घरोघरी प्रक्षेपक बसायचे तर सरकारने हात मोकळा सोडणं भाग होतं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आधी इमारतीच्या आतल्या वापरापुरता खुला झाला आणि जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने बाहेरही. आजोबांना ऐकायला शिक्का लागायचा, बाबांना बोलायलाही लागला नाही. एका पिढीत एवढा फरक.

बाबांनी आमच्या नेरुळच्या घरी राउटर आणला तो २००७-०८ मध्ये. पासवर्ड नव्हता. माहीत नव्हतं म्हणून नाही, शेजारचा दादा इंजिनियरिंगला होता, त्याला प्रोजेक्टसाठी लागायचं म्हणून. "पाण्याला नाही म्हणतो का आपण?" असं बाबा म्हणायचे. मी सहावीत होतो.

मग २६ जुलै २००८ आला. अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली, ५० हून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले ते सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथल्या परदेशी भाडेकरूचं वाय-फाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत असेच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलीस उघडी नेटवर्क्स शोधत फिरायला लागले आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या.

सानपाडा नेरुळपासून दोन स्टेशनं. बातमी आली त्या रात्री बाबांनी राउटरची तार उपटली आणि राउटर माळ्यावर टाकला. दोन महिने आमच्याकडे इंटरनेट नव्हतं. शेजारच्या दादाने शेवटी येऊन पासवर्ड बसवून दिला, डब्ल्यूपीए२ लावून. (त्याआधीचं डब्ल्यूईपी २००१ मध्येच फुटलं होतं आणि २००७ पर्यंत ते फोडायला मिनिटभर पुरत होतं.) पासवर्ड लावल्यावर बाबांनी तो त्याला विचारला नाही आणि त्यानेही सांगितला नाही. म्हणजे लावणाऱ्यालाच माहीत होता, पण त्याने तो पुन्हा कधी वापरला नाही. मला हे आता आठवलं की कसंतरीच होतं. बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी नवी मुंबईत कुणीही तेच केलं असतं.

तर आता दुरुस्तीकडे.

ओव्हनच्या आत आठशे-हजार वॉट ताकद असते आणि राउटरची साधारण ०.१ वॉट. म्हणजे ओव्हनमधला दहा हजारावा भाग जरी दाराच्या फटीतून बाहेर आला, तरी तो राउटरच्या तोडीचा. तब्येतीला त्याचा धोका नाही, पण वाय-फायला आहे, कारण ओव्हन अब्रॅमसन यांची शिस्त पाळत नाही. तो आधी ऐकत नाही, थांबत नाही, नुसता ओरडतो. गंमत म्हणजे साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन विजेच्या अर्ध्या चक्रातच चालतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे साधारण १० मिलिसेकंद आरडाओरडा, १० मिलिसेकंद शांतता. वेब पेज त्या शांततेत सटकून येतं, म्हणून कुणाला कळत नाही. ताईचा चेहरा मात्र सटकू शकत नाही.

बाबांचा डोंगल जुना, फक्त २.४ वर चालणारा. ५ गिगाहर्ट्झवरही चालणारा नवा आणला, काही शे रुपयांत काम झालं. राउटर हॉलच्या कोपऱ्यातून काढून पॅसेजच्या तोंडाशी, उंचावर ठेवला. आणि फोनवर आजूबाजूची नेटवर्क्स बघितली, तर १७ राउटर आणि त्यातले अकरा एकाच सहा नंबरच्या चॅनलवर. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. म्हणून रविवारी मजल्यावरच्या काकूंकडे आणि समोरच्या बिऱ्हाडाकडे गेलो, चहा झाला, आणि तिघांनी तीन चॅनल वाटून घेतले. लायसन्स नाही, मालक नाही, पोलीसही नाही. विचारून घेणं, एवढाच कायदा. विक हेसना दहा वर्षं लागली, आम्हाला दोन कप चहा. :-)

संध्याकाळी बाबांना पिंगची यादी आणि ओव्हनची वेळ शेजारी शेजारी ठेवून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग साडेआठला कॉल लागला तेव्हा पहिलं वाक्य त्यांनी ताईला म्हटलं ते असं: "अगं, तो तू कट करत नव्हतीस."

ताई दोन सेकंद काहीच बोलली नाही. मी पटकन स्क्रीनकडे बघितलं. गोठली नव्हती.

हल्ली आम्ही भाजी गॅसवर गरम करतो. आणि तीही पावणेनऊनंतर.